‘आधी काय कळायला हवे?’ : शाब्दिक उदाहरणांविषयी एक खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद,
सदाशिव पेठ, पुणे.



इयत्ता तिसरी ते सहावीच्या वर्गांत शाब्दिक उदाहरणे ज्या रीतीने शिकवली जातात आणि चाचण्यांमधून ज्या रीतीने तपासली जातात, त्या दोन्हींत एकच उणीव आहे आणि ती दूर करणे परिषदेच्या अधिकारकक्षेत आहे, हे निदर्शनास आणून देणे हा या पत्राचा हेतू आहे. उणीव अशी की, ‘कोणती क्रिया करायची?’ हे मुलाला हमखास विचारले जाते, परंतु ‘विचारलेले कळण्यासाठी आधी काय कळायला हवे?’ हे क्वचितच विचारले जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपैकी एक शब्द असते आणि ते अंदाजानेही बरोबर येऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर उदाहरणातला प्रसंग समजल्याशिवाय देताच येत नाही. हे पत्र पनवेल तालुक्यातील पळस्पे येथून लिहिले जात आहे आणि पुढील काही उदाहरणे याच परिसरातली आहेत, पण अडचण या गावापुरती मर्यादित नाही.

शाब्दिक उदाहरण म्हणजे ज्यात करावयाची क्रिया चिन्हाने दाखवलेली नसते, तर एखाद्या प्रसंगाच्या वर्णनातून ती शोधावी लागते, असे उदाहरण. ते एका पायरीचे असते किंवा अनेक पायऱ्यांचे. ‘फळवालीकडे ६० केळी होती, त्यांतली १७ विकली गेली, तर किती उरली?’ हे एका पायरीचे झाले. ‘फळवालीकडे ५ डझन केळी होती, त्यांतली १७ विकली गेली, तर किती उरली?’ हे दोन पायऱ्यांचे. गोष्ट तीच, उत्तरही दोन्हीकडे ४३ च. तरीही दुसरे उदाहरण मुलांना पुष्कळच जड जाते, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे, ५ डझन म्हणजे किती केळी, आणि तो कोणीही विचारलेला नाही. उदाहरणात न विचारलेल्या, पण ज्याचे उत्तर मिळाल्याशिवाय विचारलेल्याकडे जाता येत नाही अशा प्रश्नाला या पत्रात ‘मधला प्रश्न’ म्हटले आहे. ‘उरली’ हा शब्द दिसला की वजाबाकी, एवढेच ज्याच्या मनावर ठसले आहे ते मूल १७ मधून ५ वजा करते, १२ हे उत्तर लिहिते आणि वजाबाकी बिनचूक असूनही उदाहरण का चुकले हे त्याला उमगत नाही. वहीवरच्या लाल फुलीतूनही ते त्याला कळत नाही, कारण ती फुली वजाबाकीवर पडलेली दिसते, तर चूक मधला प्रश्न न दिसण्याची असते.

खुणेच्या शब्दांवरून क्रिया ठरवण्याची ही सवय मुले घरून आणत नाहीत, ती त्यांना शाळेत लागते. ‘एकूण’ किंवा ‘मिळून’ आले की बेरीज, ‘उरले’ किंवा ‘शिल्लक’ आले की वजाबाकी, असा तक्ता अनेक वर्गांच्या भिंतीवर असतो. शिक्षकांना यासाठी दोष देणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. द्विशिक्षकी शाळेत एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या, मधूनच पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणाऱ्या शिक्षकाला, ज्याने दहांपैकी सात उदाहरणे लगेच बरोबर येतात असा उपाय सोडवत नाही, आणि पाठ्यपुस्तकातील रचना त्या उपायाला साथच देते : बेरजेच्या पाठामागे येणारी शाब्दिक उदाहरणे बहुतांशी बेरजेचीच आणि भागाकाराच्या पाठामागची भागाकाराचीच असल्यामुळे, उदाहरण न वाचता त्यातले दोन आकडे उचलले तरी काम भागते. मग ‘रमेशने ७ गोट्या भावाला दिल्या, आता त्याच्याकडे १२ उरल्या, तर आधी किती होत्या?’ असे उदाहरण मध्येच आले की तक्ता कोलमडतो. ‘उरल्या’ आहे, ‘दिल्या’ आहे आणि करायची मात्र बेरीज. ‘प्रत्येकी’ या शब्दाचे तर दोन्ही दगडांवर पाय आहेत, कारण ‘प्रत्येकी ५ रुपये’ म्हटले की बहुधा गुणाकार येतो आणि ‘प्रत्येकी किती’ म्हटले की भागाकार.

ही अडचण केवळ मराठी शाळांची नाही. फ्रान्समध्ये ग्रनोबल येथील गणिताध्यापनाच्या संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले होते की, एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या असतील तर कप्तानाचे वय किती. ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्या दोन आकड्यांवर काही ना काही क्रिया करून कप्तानाचे वय काढून दिले. अमेरिकेत १९८३ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना असे उदाहरण होते की, एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात आणि १,१२८ सैनिकांना न्यायचे आहे, तर किती बस लागतील. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला, पण ३२ बस हे उत्तर जेमतेम पाव मुलांनी दिले. २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले आणि ते १२ सैनिक रस्त्यावरच राहिले. भागाकार येणे आणि भागाकारातून निघालेल्या संख्येचा प्रसंगाशी मेळ घालता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट पहिलीमागून आपोआप येत नाही.

आता पळस्पे परिसरातील मुलांना कळेल असे एक उदाहरण सविस्तर पाहणे उपयोगाचे ठरेल. जुना मुंबई–पुणे रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग जेथे एकमेकांपासून फुटतात तो पळस्पे फाटा, आणि गोव्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की कर्नाळा पक्षी अभयारण्य. ‘एका शाळेचे ११६ विद्यार्थी आणि ४ शिक्षक सहलीसाठी कर्नाळ्याला जाणार आहेत. एका बसमध्ये ४४ आसने आहेत आणि एका बसचे भाडे ३,५०० रुपये आहे. शाळा व्यवस्थापन समितीने १,२२० रुपये दिले. उरलेली रक्कम सर्व विद्यार्थ्यांनी सारखी भरायची असेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याला किती रुपये भरावे लागतील?’ उत्तर ८० रुपये आहे. त्या उत्तरापर्यंत जाताना बेरीज, भागाकार, गुणाकार, वजाबाकी आणि पुन्हा भागाकार अशा पाच क्रिया कराव्या लागतात, पण पाचही क्रिया येणारे मूल हे उदाहरण सोडवीलच असे नाही.

चुकीच्या वाटा पाहिल्या म्हणजे कारण स्पष्ट होते. पहिली वाट ११६ ला ४४ ने भागण्याची. तीत शिक्षक बसमध्ये बसत नाहीत असे गृहीत धरले जाते, आणि योगायोगाने तेथेही ३ बसच निघत असल्यामुळे ही चूक उत्तरात उमटत नाही, म्हणून ती तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटते. दुसरी वाट १२० ला ४४ ने भागून ‘२ बस, बाकी ३२’ येथे थांबण्याची आणि दोनच बसचे भाडे धरण्याची. ३२ माणसे पळस्पे फाट्यावर उभी राहतात आणि ७,००० रुपयांतून १,२२० वजा करून ५,७८० रुपये ११६ जणांत वाटायला घेतले जातात. तिसरी वाट सर्वांत बोधप्रद आहे : मूल ३ बस आणि १०,५०० रुपयांपर्यंत बिनचूक येते, ९,२८० रुपये उरतात हेही बरोबर काढते आणि मग शेवटी १२० ने भागते, कारण थोड्या वेळापूर्वी त्याने स्वतःच मोठ्या कष्टाने काढलेली ती संख्या त्याच्या डोळ्यांसमोर असते. बसमध्ये बसायला १२० आणि पैसे भरायला ११६, हा भेद आकड्यांत कोठेही नाही, तो फक्त गोष्टीत आहे. १२० ने भाग पूर्ण जात नाही हे पाहून काही मुले मागे फिरतात खरी. पण ‘भाग जात नाही म्हणजे चुकले’ हा नियम त्यांना पाठ्यपुस्तकातील गोड उत्तरांनी शिकवलेला असतो, उदाहरणाच्या अर्थाने नव्हे, आणि दुकानात ७७ रुपये ३३ पैसे अशी रक्कम आली की तो नियम निरुपयोगी ठरतो.

वर्गात अशा वेळी जी प्रश्नावली चालते, ती ‘काय दिले आहे? काय विचारले आहे? कोणती क्रिया करावी लागेल?’ अशी त्रिपदी असते. तिचे पहिले दोन प्रश्न चांगले आहेत. तिसरा प्रश्न मात्र असे गृहीत धरतो की क्रिया एकच आहे. एका पायरीच्या उदाहरणात हे खपून जाते. सहलीच्या उदाहरणात ‘कोणती क्रिया?’ असे विचारणे म्हणजे पाच वळणांच्या रस्त्यावर निघालेल्या माणसाला ‘डावीकडे की उजवीकडे?’ असे एकदाच विचारण्यासारखे आहे. गणिताच्या अध्यापनशास्त्रात यासाठी जुनी, सर्वमान्य आणि डी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरती पाठ केलेली एक जोडी आहे : पृथक्करण आणि संयोजन. पृथक्करण म्हणजे विचारलेल्या गोष्टीपासून मागे जात, दिलेल्या माहितीपर्यंत पोहोचणे. संयोजन म्हणजे दिलेल्या माहितीपासून पुढे जात, विचारलेल्यापर्यंत येणे. फळ्यावर जे दिसते ते जवळजवळ नेहमी संयोजन असते, कारण उत्तर लिहून दाखवण्याच्या रीतीत ते तसेच मांडले जाते. शिक्षकाने मनातल्या मनात केलेले पृथक्करण वर्गाला दिसतच नाही, आणि मुलाला वाटते की, पहिली पायरी १२० काढण्याची आहे हे बाईंना कसे कोण जाणे, पण ठाऊकच असते.

पृथक्करण मोठ्याने केले तर ते असे होईल. प्रत्येक विद्यार्थ्याने किती भरायचे हे कळण्यासाठी आधी काय कळायला हवे? सर्व विद्यार्थ्यांनी मिळून किती भरायचे ते, आणि विद्यार्थी किती ते. विद्यार्थी ११६ हे दिलेलेच आहे. मिळून किती भरायचे हे कळण्यासाठी? एकूण भाडे, आणि समितीने दिलेली रक्कम. रक्कम दिलेली आहे. एकूण भाडे कळण्यासाठी? एका बसचे भाडे आणि बस किती. बस किती हे कळण्यासाठी? बसणारी माणसे किती आणि एका बसमध्ये किती मावतात. माणसे किती? आता सारे हाताशी आहे. विचारलेला प्रश्न एक, मधले प्रश्न चार, आणि एकदा ते चार ओळींत लिहिले गेले की क्रिया ओळखण्याचे काम इतके हलके होते की खुणेच्या शब्दांचा तक्ता भिंतीवरून उतरवता येतो. यानंतर खालून वर येत आकडेमोड करायची, आणि प्रत्येक ओळीत संख्येसोबत ती कशाची हेही लिहायचे : १२० माणसे, ३ बस, १०,५०० रुपये एकूण भाडे, ९,२८० रुपये विद्यार्थ्यांनी भरायचे. ही शिस्त नीटनेटकेपणासाठी नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एका वेळी मनात थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. कागदावर नाव देऊन ठेवलेली संख्या मनातून खाली उतरवता येते, आणि ‘१२० माणसे’ असे लिहिले असेल तर पैसे भरणाऱ्यांच्या ओळीत ती चुकून घेतली जाण्याची शक्यताही कमी होते. शेवटी पडताळा : ११६ गुणिले ८० म्हणजे ९,२८०, त्यात १,२२० मिळवून १०,५००, त्याला ३ ने भागून ३,५००. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे असे उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले. शाळांनी त्यांतला तिसरा मनापासून स्वीकारला आणि चौथा वेळेअभावी वगळला.

मागे जाण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त तिचे एक रूप ‘विलोमविधी’ या नावाने आहे : अज्ञात संख्येवर कोणकोणत्या क्रिया केल्या आणि शेवटी काय उरले हे सांगितले असेल, तर उलट क्रमाने उलट क्रिया करत मूळ संख्येपर्यंत परत यायचे. भास्कराचार्यांचा संबंध जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडला जातो, आणि त्यांच्या ग्रंथाच्या अभ्यासासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद करणारा १२०७ चा शिलालेख तेथेच आहे. याच ग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण अनेक पायऱ्यांच्या उदाहरणाचा उत्तम नमुना ठरावे : थव्यातील एक पंचमांश भुंगे एका फुलावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्यावर, या दोन संख्यांमधील फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एकच भुंगा हवेत घुटमळत राहिला, तर थवा किती भुंग्यांचा? ‘फरक किती’ हा येथला मधला प्रश्न आहे. अपूर्णांकांची बेरीज न येणाऱ्या मुलासाठीही ग्रंथात वाट आहे, ती ‘इष्टकर्मा’ची, म्हणजे सोयीची एखादी संख्या मानून प्रसंग चालवून पाहण्याची. थवा ३० चा मानला तर ६, १० आणि १२ भुंगे उडून जातात आणि २ उरतात. उरायला हवा होता एक, म्हणजे थवा निम्मा, १५ भुंग्यांचा. सहावीतल्या मुलाला हे करून पाहता येते, आणि अंदाज मानून तो तपासणे ही लबाडी नसून रीत आहे, हेही त्याला कळते.

चित्र काढणे हा आणखी एक उपाय, आणि त्याला रंगीत खडूंपलीकडे खर्च नाही. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून संख्यांऐवजी आयताकार पट्ट्या काढून उदाहरण मांडायला शिकवले जाते. ‘सलमा आणि मीना यांच्याकडे मिळून ८६ रुपये आहेत, सलमाकडे मीनापेक्षा १८ रुपये जास्त आहेत, तर प्रत्येकीकडे किती?’ येथे ‘मिळून’ आणि ‘जास्त’ हे दोन्ही शब्द बेरजेकडे खेचतात आणि वर्गातून १०४ हे उत्तर येते. मीनाची एक पट्टी, तिच्याखाली सलमाची तेवढीच पट्टी आणि तिला जोडलेला १८ चा तुकडा, असे काढले की तो तुकडा बाजूला केल्यावर दोन सारख्या पट्ट्या उरतात हे डोळ्यांनाच दिसते : ६८ चे निम्मे ३४ मीनाचे आणि ५२ सलमाचे.

याखेरीज दोन साधे उपाय आहेत. पहिला, आकडे झाकून उदाहरण वाचायचा. ‘काही विद्यार्थी आणि काही शिक्षक सहलीला निघाले, समितीने काही पैसे दिले’ एवढेच राहिले की मुलांना उचलायला आकडे मिळत नाहीत आणि गोष्ट सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसरा, प्रश्न झाकायचा. गोव्याच्या रस्त्याने पळस्पे ते इंदापूर हे अंतर ८४ किलोमीटर. बस सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी पळस्प्याहून सुटली, ताशी ४२ किलोमीटर वेगाने गेली, पेणला १५ आणि कोलाडला १० मिनिटे थांबली. यावरून कोणकोणते प्रश्न विचारता येतील, आणि कोणता विचारता येणार नाही? बस ९ वाजून ४५ मिनिटांनी पोहोचेल हे काढता येते, तिकीट किती पडेल हे काढता येत नाही. आणि ‘काढता येत नाही’ असे निर्धास्तपणे लिहिण्याची सवय लागली की जहाजाच्या कप्तानाचे वयही कोणी काढायला जाणार नाही. (या रस्त्यावर ताशी ४२ किलोमीटर वेग धरणे हेच बरीच वर्षे धाडसाचे होते, ही गोष्ट वेगळी.) बालभारतीच्या पुस्तकांत मुलांनी स्वतः शाब्दिक उदाहरणे तयार करावीत असे उपक्रम दिले गेले आहेत, हे स्वागतार्ह आहे, परंतु त्यांवर चाचणीत काही विचारले जात नसल्याने ते सर्वांत आधी वगळले जातात.

भाषेचा प्रश्न रायगडात विशेष जाणवतो. पनवेल तालुक्यातील एका वर्गात आगरी बोलणारी, कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरून येणारी आणि कामानिमित्त परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांतली मुले शेजारी शेजारी बसतात, आणि ‘पैकी’, ‘उर्वरित’, ‘समान वाटप’ हे शब्द त्यांतल्या अनेकांनी पहिल्यांदा गणिताच्या पुस्तकातच पाहिलेले असतात. ‘३ ने जास्त’ आणि ‘३ पट’ यांतला फरक तर प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांतही गोंधळ उडवतो. याचा अर्थ या मुलांना हिशेब येत नाही असा मुळीच नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणारी मुले अनेक वस्तूंचे वजन, भाव आणि परत द्यायची रक्कम यांचे हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण तेच शाळेच्या भाषेत कागदावर आले की अडतात, असे आढळले; आणि शाळेत जाणाऱ्या, बाजाराशी संबंध नसलेल्या मुलांचे नेमके उलटे झाले. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील फेरीवाल्या मुलांविषयी १९८५ मध्येच असे निष्कर्ष निघाले होते. फाट्यावरच्या टपरीवर आईवडिलांना हातभार लावणारे मूल दोन चहा, एक वडापाव आणि १०० ची नोट हा तीन पायऱ्यांचा हिशेब रोज करते. त्याच्या मनात मधला प्रश्न असतो, फक्त तो वहीत लिहायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुलांना साधा भागाकार येत नसताना पाच पायऱ्यांची उदाहरणे कशाला. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले, तेव्हा चिंता अनाठायी नाही. परंतु आकडेमोडीची अडचण आणि रचनेची अडचण वेगवेगळ्या करता येतात. ७ मुले आणि १ बाई, एका रिक्षात ३ जण, एका रिक्षाचे भाडे ४० रुपये, बाईंनी दिले ५० रुपये, तर प्रत्येक मुलाने किती द्यायचे? हे सहलीचेच उदाहरण आहे, पायरी न् पायरी तेच, आणि उत्तर १० रुपये हे तिसरीतले मूल बोटांवर काढू शकते. आधी सगळी आकडेमोड पक्की, मग शाब्दिक उदाहरणे, हा क्रम चालू राहिला तर ज्या मुलांची आकडेमोड कधीच पुरती पक्की होत नाही, त्यांच्या वाट्याला विचार करण्याचे गणित येतच नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. त्याला उत्तर एवढेच की, एका तासात दहा उदाहरणे उरकण्यापेक्षा एक उदाहरण तासभर चालवणे अधिक फलदायी आहे, आणि तसे करणाऱ्या शिक्षकाचा अभ्यासक्रम मागे पडला असा शेरा कोणी मारू नये.

वर्गात काय शिकवले जाते हे मात्र अखेर चाचणी ठरवते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या प्राथमिक स्तरावरील शिष्यवृत्ती परीक्षेतील पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नामागे सरासरी ७२ सेकंद, आणि उत्तर चार पर्यायांतून निवडायचे. या परीक्षेने खेड्यापाड्यांतील मुलांना मोठी उमेद दिली आहे, हे निर्विवाद; पण तिच्या उत्तरपत्रिकेवर मधला प्रश्न लिहायला जागाच नाही, आणि तिच्या तयारीचे वर्ग खुणेच्या शब्दांवर का चालतात याचे कोडे उरत नाही. आपल्या परिषदेच्या स्वतःच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांना हे बंधन नाही. त्या शाळेत होतात, शिक्षकच तपासतात आणि त्यांसोबत शिक्षकांसाठी सूचना व उत्तरसूची पाठवली जाते.

म्हणून परिषदेस विनंती अशी आहे की, येत्या चाचणीत तिसरीपासून पुढच्या प्रत्येक इयत्तेसाठी अनेक पायऱ्यांचे किमान एक उदाहरण असावे. त्याला ५ गुण ठेवावेत आणि उत्तरसूचीत त्यांतले २ गुण मधले प्रश्न शब्दांत लिहिण्यासाठी, २ आकडेमोडीसाठी आणि १ पडताळ्यासाठी, असे स्पष्ट नमूद करावे. मधले प्रश्न बरोबर लिहून भागाकारात चुकलेल्या मुलाला २ गुण मिळावेत, आणि नुसते ‘८०’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळू नयेत. मधला प्रश्न मुलाने घरच्या बोलीत लिहिला तरी तो ग्राह्य धरावा. पाठ्यपुस्तक मंडळाला शिफारस करावी की, प्रत्येक पाठामागे एक तरी उदाहरण त्या पाठाच्या क्रियेचे नसावे, आणि प्रत्येक सत्रात एक उदाहरण अपुऱ्या माहितीचे असावे. रायगड जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेललाच आहे आणि केंद्रस्तरावर दरमहा शिक्षण परिषदा भरतातच. त्यांपैकी एका परिषदेत शिक्षकांनी सहलीचे उदाहरण फळ्यावर मागून पुढे सोडवून पाहावे, एवढ्यासाठी वेगळा निधी किंवा वेगळे परिपत्रक लागणार नाही. तो प्रयोग पनवेल तालुक्यापासून सुरू करण्यास परिषदेने संमती द्यावी, ही विनंती.

कळावे.

पळस्पे, ता. पनवेल, जि. रायगड